कॉपीतला एक्स-रे

हर्षाली नाशिकच्या एका रुग्णालयात सर्व्हर सांभाळायची. जुना सर्व्हर बंद करायचा होता, म्हणून तिने एक्स-रेंचं अख्खं फोल्डर नव्या सर्व्हरवर कॉपी केलं आणि दोन्हींच्या झिप फाइली करायला लावल्या. मूळ फोल्डरची झिप जेवणाच्या सुट्टीआधीच झाली होती. कॉपीची मात्र दुपार उलटली तरी होईना.

"डिस्क खराब असेल, मॅडम," तिचा सहकारी संतोष म्हणाला. त्यांनी डिस्क बदलली. काही फरक पडला नाही.

मग तिच्या लक्षात आलं, की कॉपीतल्या फाइली वाढत चालल्या आहेत. नेटवर्कची केबल काढली तरी त्या वाढतच राहिल्या.

तिने पुंजा गावित नावाच्या पेशंटचं फोल्डर उघडलं. मूळ सर्व्हरवर त्याच्या छातीचा एकच एक्स-रे होता. इथे त्यापुढे आणखी कितीतरी होते. ती एकेक पुढे सरकवू लागली. फुगलेली छाती हळूहळू खाली बसली. पुन्हा फुगली. पुन्हा बसली.

"हा श्वास घेतोय," ती पुटपुटली.

"मॅडम, हा आमच्या पेठ गावचा पुंजाबाबा. पावसाळ्यातच वारला ना तो!" संतोष स्क्रीनपासून मागे सरकला. "डिलीट करा सगळं. आत्ताच्या आत्ता."

तिने बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात नवी फाइल आली आणि स्क्रीनवर आपोआप उघडली. छाती गच्च फुगलेली होती, पण आता चित्राच्या वरच्या कडेला हनुवटीचं हाड दिसत होतं. पुढच्या चित्रात ते आणखी खाली आलं.

त्याच्या पुढच्या चित्रात जबडा उघडला होता.