उताराचं बटन

“तारेचा जोड कच्चा राहिला, तर मार खायची तयारी ठेव,” वस्ताद मेकॅनिकला काम शिकवताना म्हणायचे.

दाजींच्या ऑटोमॅटिक ट्रकचा टॉर्क कन्व्हर्टर हातानं लॉक करायचं बटन मेकॅनिकनंच बसवलं होतं. ते दाबलं की उतारावर इंजिन चाकांना आवरून धरायचं. काल लॉक लागलाच नाही. ब्रेक जळाले, ट्रक दरडीवर आदळला.

आज दाजी व्हीलपाना घेऊन गॅरेजात घुसले. “साल्या, जीव घेत होतास माझा!” बरगडी मोडली, तोंडातून रक्ताची धार लागली, तरी मेकॅनिकनं पाना अडवायला हात वर केला नाही. बटनाच्या तारेचा जोड आपणच कच्चा ठेवला, हेच त्याच्या मनानं घेतलं होतं.

तेवढ्यात त्याच्या ताईनं, दाजींच्या बायकोनं, येऊन पाना धरला. तिच्या गालावर दाजींच्या बोटांचे वळ होते.


“त्याला सोडा. बटनाची तार मी कापली होती. तुम्ही घरी परत येऊ नये म्हणून.”