काचेच्या पेटीतलं पोर

कोकिळाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या आणि प्रमिलाबाई त्यांना आत या म्हणत नव्हत्या.

दारात वैरी आला तरी आधी पाणी पुढं करावं, अशी आपल्याकडची रीत. प्रमिलाबाईंनी पाणी विचारलं नाही. चौकटीतच पाट टाकला आणि त्यावर मांडी घालून बसल्या. विहिणीला आत यायचं तर त्यांना ओलांडून यावं लागलं असतं. या घडीची त्या तीन महिने वाट पाहत होत्या.

तीन महिन्यांपूर्वी त्यांची लेक दिपमाला इथं जळगावात, माहेरी बाळंत झाली होती. चोपड्याहून सासू म्हणून याच कोकिळाबाई आल्या. दुपटं उचललं, मुलगी आहे एवढं पाहिलं आणि दुपटं खाली टाकलं. "आमच्या केळीच्या बागा आता पोरी सांभाळतील का?" वॉर्डातल्या सगळ्या बायांसमोर असं बोलून गेल्या त्या गेल्याच. पाचवीला नाहीत, बारशाला नाहीत. जावई ललित आईच्या पदराला बांधलेला. त्यानं फोनसुद्धा केला नाही. निरोप मात्र आला, दिपमालाला माहेरीच राहू द्या.

मग दिवस फिरले. अठरा दिवसांपूर्वी कोकिळाबाईंची धाकटी सून पुनम सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगा झाला, पण जेमतेम सव्वा किलोचा. जळगावच्याच एका दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. पुनमला चार थेंब पिवळं दूध आलं, ते कोकिळाबाईंनी पिळून फेकायला लावलं. पहिला चीक पोराला बाधतो, ही त्यांच्या घरची समजूत. नर्स धावत आली तोवर दूध मोरीत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी पुनमला झटके आले, आणि मग थेंबही उतरेना. लोटन रिक्षावाल्यानं हे सगळं प्रमिलाबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी देवाजवळ साखर ठेवली.

"डब्याचं दूध पाजा म्हणावं," भाकरी थापता थापता त्या लेकीला म्हणाल्या होत्या. "पैशाला काय तोटा आहे त्यांना?"

"डब्याच्या दुधानं भागत नाही, आई," दिपमाला म्हणाली. "पेटीतल्या प्राणवायूवर पोर जगतं, पण तोच प्राणवायू त्याची फुप्फुसं, डोळे आतून जाळतो. कापलेलं केळं उघडं ठेवलं की काळं पडतं ना, तसं. बाईच्या दुधात ते जाळणं आवरणारं काहीतरी असतं. अँटिऑक्सिडंट म्हणतात त्याला. डब्यात तेवढं नसतं."

"मग पडू दे काळं," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली.

दिपमाला पिशवी घेऊन बाहेर पडली. तिनं नुकताच शिवणाचा क्लास लावला होता. पोरीला आजीजवळ ठेवून रोज सकाळी दोन तास जायची. तिथंच बायांच्या तोंडून ऐकलं असेल, असं प्रमिलाबाईंनी धरलं.

आणि आज विहीण दारात होती.

"या, या. केळीला पाणी कमी पडलं का? म्हणून पोरीच्या आईच्या दारात आलात?"

"विहीणबाई, माझं जरा ऐका..."

"अठरा दिवस ऐकूनच राहिले मी! जिचं तोंड बघवलं नाही, तिच्या वाटचं दूध पाहिजे काय आता? एक थेंब मिळणार नाही. मोरीत ओतीन. तुम्हाला चांगली सवय आहे, तुम्हीच सांगा कसं ओततात ते!"

शेजारच्या दोघीजणी गॅलरीत आल्या. प्रमिलाबाईंना तेच पाहिजे होतं. त्यांनी आवाज चढवला. बागा काढल्या, बंगला काढला, लग्नातले रुसवे काढले. कोकिळाबाई खाली मान घालून झेलत राहिल्या. आता ही पाय धरणार, प्रमिलाबाईंना वाटलं. धरले तरी नाही म्हणायचं, हे त्यांचं ठरलं होतं. त्यांनी पाय जरा पुढंच केले.

"मी दूध मागायला नही आले," कोकिळाबाई हळूच म्हणाल्या. "दूध तर सतरा दिवसांपासून येऊन राहिलं. दिपमालानं रक्त तपासून घेतलं, कागदावर सही केली. रोज सकाळी दवाखान्यात बसून काढून देते. काल पोराची प्राणवायूची नळी निघाली. मी तिला घरी न्यायला आले."

प्रमिलाबाईंनी पाय आखडून घेतले. मागं वळून पाहिलं. दिपमाला पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती.

"शिवणाचा क्लास!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

गॅलरीतली एकजण फिसकन हसली.

"चल बेटा," कोकिळाबाईंचे डोळे भरून आले होते. "ललित खाली गाडी घेऊन उभा शे. पोरीसाठी सोन्याचे वाळे केले. माझं चुकलं म्हणते ना मी."

दिपमाला जागची हलली नाही. आईसारखा तिनं आवाज चढवला नाही. भाजीवालीशी बोलावं तसं सरळ बोलली.

"दूध मी उद्याही देईन, आत्याबाई. तो पेटीतून बाहेर येईपर्यंत देईन. पण त्या घरात मी येणार नाही."

"अगं, पण लोक काय म्हणतील?" कोकिळाबाई म्हणाल्या.

"लोकांचं सोडा. तो मोठा झाला की मीच त्याला सांगणार आहे, तू कुणाच्या दुधावर जगलास ते. मग तो तुम्हाला विचारेल, माझी मोठी आई आणि तिची पोर आपल्या घरात का नाहीत? तेव्हा त्याला काय सांगायचं, ते आजपासून ठरवून ठेवा."