वधूपित्याची एक ओळ

मंगल कार्यालयाच्या स्वयंचलित दाराने नात्याच्या नोंदी तपासून सगळ्या वऱ्हाडाला आत घेतलं, पण वधूपिता बाहेरच राहिला. चितळांगे साहेब फेटा सावरत शेजारच्या नातेनोंदणीच्या खिडकीकडे धावले. खिडकीत मृणाल गद्रे होती, एकेकाळी त्यांच्याच हाताखाली या नोंदणीचा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिणारी.

"तुमच्या नोंदीला मुलगी आहे साहेब, मुलीच्या नोंदीला बाप नाही," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "नातं दोन्हीकडून जोडणारी माझी ओळ तुम्ही फालतू म्हणून काढलीत. घोळ झाला तेव्हा कबुली मात्र माझ्याकडून लिहून घेतलीत."

"मंगलाष्टकं सुरू झालीत गं."

"कबुलीशिवाय दुरुस्ती नाही, हा नियम तुमचाच."

साहेबांनी घाईघाईने कबुली लिहिली. तिने ती सावकाश वाचली. "यात माझं नाव कुठंय? नऊ वर्षांपूर्वी ते विनाकारण गोवलं, हेही लिहा."

त्यांनी तेही लिहिलं. मृणालने एक ओळ टाकली आणि दार उघडलं. आत शेवटच्या अक्षता पडून गेल्या होत्या.

"त्या घोळातल्या बाकीच्यांची दारं कशी उघडतात?" साहेबांनी उंबऱ्यावरून विचारलं.

"त्या चारशे बारा नोंदी मी तेव्हाच माझ्या कबुलीवर दुरुस्त केल्या. तुमची तेवढी तुमच्या कबुलीसाठी ठेवली होती."