पाणी पुजायला

हलगी पुन्हा कडाडली आणि तलावावरची सगळी बदकं एकदम उठली. ज्ञानबा चौकीदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. सलग तिसरा दिवस! बांधावरून बायकांची रांग येत होती. पुढे हलगीवाला, मागे चाळीस घागरी, आणि मधोमध कानाला फडकं बांधलेली, पदर नाकापर्यंत ओढलेली बाळंतीण. तिच्या छातीशी लेकराचं गाठोडं होतं.

"काहून आल्या पुन्हा?" ज्ञानबा काठी आडवी धरून ओरडला. "माझी नोकरी खायला?"

"पाणी पुजायला," गावची सुईण नर्मदाबाई शांतपणे म्हणाली. "बाळंतिणीला आडवा येऊ नको, लेका."

जहागीरदाराचा हुकूम गावाला पाठ होता. पौष महिनाभर तलावावर पाणी भरायचं नाही, गुरं पाजायची नाहीत, धुणं धुवायचं नाही. त्याचे पाहुणे शिकारीला आले होते, आणि घागरी बुडवल्या की म्हणे पाखरं बुजतात. तंबूतला ग्रामोफोन दिवसभर बोंबलायचा, त्यानं नाही बुजायची! गाव पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी प्यायलं. यंदा पावसानं दगा दिला, पुसेगावापासून इकडे एका विहिरीत घागर बुडेना, आणि नेमकं तेव्हाच हे पाणी बदकांच्या मालकीचं झालं. बायका ओढ्यात खड्डे उकरायच्या, गढूळ पाणी लुगड्यानं गाळायच्या. घरोघर लेकरं हगवणीनं अंथरुणाला खिळली होती.

हुकमात एकच फट राहिली होती. पूजाअर्चेला मुभा. गाऱ्हाणं वर जाऊ नये म्हणून जहागीरदारानंच ती ठेवली होती. आणि गावची रीत अशी, की बाळंतीण पाणी पुजून परतताना तिच्यासोबतच्या एकाही बाईनं रिकाम्या घागरीनं घरी यायचं नाही. परवा मनकर्णा आली, ती खरोखरची बाळंतीण. काल आणखी कुणीतरी आली. ज्ञानबा काय परगावचा होता? साठ उंबऱ्यांच्या गावात यंदा कोण पोटुशी होती आणि कोण नव्हती, हे त्याला नीट ठाऊक होतं. तरी तो गप्प बसला.

गप्प बसला म्हणून काही तो शहाणा ठरत नव्हता. बंदीच्या पहिल्याच दिवशी, जहागीरदारादेखत, त्यानं स्वतःच्या बायकोची, यशोदाची, भरली घागर लाथेनं उलथवली होती. तेव्हापासून ती त्याच्याशी अवाक्षर बोलत नव्हती. ताट वाढायची आणि उठून जायची. त्याला तिचा राग यायचा, जहागीरदाराचा यायचा, आणि सगळ्यात जास्त यायचा तो स्वतःचा.

आज जहागीरदार स्वतःच बांधावर चढून आला. चिखलानं माखलेले बूट, खांद्यावर बंदूक, मागे चाबूकवाला शिपाई. सकाळपासून एक पाखरू मिळालं नव्हतं आणि पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं होतं.

"इस गाँव में रोज बच्चा पैदा होता है?" तो गरजला. "चौकीदार, कपडा हटाव! झूठ निकला तो एकेक को कोडे पडेंगे. तेरे कू भी!"

हलगी थांबली. पाणी दहा पावलांवर चमकत होतं. चाळीस बायकांत एकही मागे सरली नाही.

ज्ञानबा पुढे झाला. त्यानं गाठोड्यावरचं फडकं बोटभर उचललं. आत वरवंटा होता. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात ना, तसाच नटवलेला. टोपरं घातलेला, काजळाची तीट लावलेला. एका टोकाला टवका उडालेला. तो टवका ज्ञानबानं लगेच ओळखला. त्याच्याच घरची चटणी रोज त्या वरवंट्यानं वाटली जायची.

त्यानं मान वर केली. पदराखाली यशोदा होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आग होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. आजवर कुणी तिला अशा पूजेला बोलावलं नव्हतं. बाळंतिणीच्या ओटीला तिचा हात लागू नये म्हणून बाया ताट मागे ओढायच्या. आज त्याच बायांच्या पुढे ती बाळंतीण होऊन उभी होती, आणि चाबकाचे फटके पडले तर पहिला तिलाच पडणार होता.

"बोला की, काय हाय ते," ती पुटपुटली. इतक्या दिवसांतले तिचे हे पहिले शब्द.

"क्या है उसमें?" मागून जहागीरदार ओरडला. "बच्चा है? किसका है?"

ज्ञानबानं फडकं पुन्हा नीट पांघरलं. डोक्याकडून, तोंडावर ऊन येऊ नये असं. मग तो वळला आणि त्यानं काठी जहागीरदाराच्या छातीपुढे आडवी धरली.

"माझं हाय, सरकार. बाजूला व्हा, बाळंतीण उन्हात उभी हाय."