हळद-मिठाचा लेप

स्वप्नालीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून पाटोद्याच्या घरात तिचं नाव काढायला वडिलांची, आण्णांची, बंदी होती. हैदराबादच्या प्रयोगशाळेत ती मटणावरचे जंतू रोखणारे लेप आणि फवारे तपासायची. माय घरी मटणाला हळद-मीठ चोळून आठ-आठ दिवस टिकवायची, ते तिला आठवलं. तोही लेप तपासू या, असं साहेबांना सांगून तिनं तीन वर्षांनी मायचा नंबर फिरवला.

"मटणाचं तेवढं इचार," माय म्हणाली. "बाकी बोलायचं न्हाई. तुज्या आण्णानं शपथ घातलीय."

मायनं हळद सांगितली, मीठ सांगितलं. तिसऱ्याच दिवशी मटणावर जंतू वाढले. स्वप्नालीनं पुन्हा फोन केला.

"आगं, लसूण सांगायचा राह्यला बग."

पुढच्या आठवड्यात पुन्हा जंतू, पुन्हा फोन. मग लिंबू निघालं. मग मोहरीचं तेल. मग चुलीच्या धुरावर टांगायचं.

पाचव्या खेपेला मात्र आठव्या दिवशीही मटण चांगलं होतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "झालं की काम! अहवाल लिहून टाक."

स्वप्नालीनं आकडे दोनदा पाहिले. मग बाहेर जिन्यात येऊन फोन लावला.

"माय, परत बिघडलं गं."

माय हळूच म्हणाली,

"बिघडू दे. आजून दोन जिनसा सांगायच्या मागं ठिवल्यात मी."