निळा दोरा

कॉलेजांसाठी मॉडेलं बनवणाऱ्या कारागिराने ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पीसच्या विषाणूचं पारदर्शक कवच एकदाचं हातावेगळं केलं. वीस त्रिकोणी बाजू आणि बारा कोपरे. त्यातले अकरा बंद, बाराव्याला मात्र बारीकसं दार. त्या दारातून निळ्या दोऱ्याचं अख्खं रीळ आत भरायचं होतं. तो दोरा म्हणजे विषाणूचा डीएनए.

दोरा बायकोने भरला. ओवण्याआधी टोक ओठांत धरून ओलं करायची तिची जुनी सवय. मग त्याने दार डिंकाने बुजवून टाकलं.

सकाळी मॉडेल उचललं, तर हाताला हलकं लागलं. डिंक जसाच्या तसा होता. आत दोऱ्याचा मागमूस नव्हता.

"तू दोरा काढलास का गं?"

"काहीतरीच काय! दार तुम्हीच नाही का बुजवलंत?" ती हसली. मग ओठ चोळत म्हणाली, "अहो, इथे मघापासून मुंग्या येताहेत. जरा बघता?"

त्याने तिला खिडकीपाशी नेलं. ओठाच्या कडेतून निळं टोक डोकावत होतं.

"हलू नकोस हं," म्हणत त्याने ते चिमटीत धरलं आणि हलकेच ओढलं.

आतून कुणीतरी ते परत ओढून घेतलं.