दोन्ही हातांत पेढे

"मुलगी झाली!" म्हणत दोन्ही हातांत पेढ्यांचा मोठा खोका घेऊन आलेल्या तरुणाला रिसेप्शनिस्टने हसत आत सोडलं. वरच्या मजल्यावरचं दार तर खुद्द मॅनेजरांनी धरलं.

सुरक्षा प्रमुख नेर्लेकरबाई कॅमेऱ्यावर पाहत होत्या. परीक्षा म्हणून हा तरुण त्यांनीच पाठवला होता. तो सर्व्हर रूममध्ये शिरला, तर रक्षकांचं कंत्राट रद्द होणार होतं.

सर्व्हर रूमच्या दारात रक्षक शेवंताबाई होत्या.

"अभिनंदन! कार्ड दाखवा."

"हात अडकलेत हो, ताई."

"मग खोका मी धरते की! काढा कार्ड."

कार्ड नव्हतंच.

नेर्लेकरबाईंनी धावत येऊन शेवंताबाईंना पेढा भरवला. तो खाऊन त्यांनी वहीतली नोंद पूर्ण केली: 'माणूस परत. पेढे जमा, एक कमी.'